तीन अक्षरं, उशाशी

७ जून

दादा,

पाकिटावरचा पत्ता बघूनच तू वैतागला असशील. बारकीला अजून 'श्री' धड काढता येत नाही. काय करू, घरातली सगळी अक्षरं तुझ्या वाट्याला गेली आणि चित्रं माझ्या. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस. पत्र निदान हातात तरी धरावं लागतं.

कामाचंच बोलते. आईनं पुस्तक लिहिलंय.

हो, आपल्याच आईनं. किराण्याच्या यादीत 'साखर' लिहून पुढे कंटाळणाऱ्या बाईनं. नोकरी संपल्यावर हळूहळू लिहीत होती म्हणे. मला वाटायचं, शब्दकोडी सोडवतेय. सगळं वॉर्डातलं आहे. रात्री घाबरून उठणारे पेशंट, मुलगा येणार म्हणून रोज दाढी करून घेणारा एक म्हातारा, कुणीही भेटायला न आलेली एक बाई आणि तिनं आईला शिकवलेलं क्रोशाचं एक नक्षीकाम. मी ज्यांच्यासाठी मुखपृष्ठं करते त्या प्रकाशकबाईंना नुसतं चाळायला दिलं होतं, तर दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. म्हणाल्या, "मी छापतेय. तुझी आई आहे म्हणून नाही, हे आधीच सांगते."

नाव आईनंच ठेवलंय. 'उशाशी'. मी म्हटलं, जरा मोठं नाव ठेव, लोकांना कळायला हवं. तर म्हणाली, "इतकी वर्षं मी कुठं होते? उशाशी. मग झालं तर."

मुखपृष्ठ अर्थातच माझ्याकडे आलं. पहिल्यांदा मी नर्सची पांढरी टोपी काढली. आई म्हणाली, "ती टोपी डोक्यावर टिकवायलाच निम्मी ड्यूटी जायची. नको." मग टेबलावरचा दिवा काढला. "हे विजेचं बिल वाटतंय." मग दोन हात, एकात एक. त्यावर नुसतं बघितलं माझ्याकडे. तिचं ते बघणं तुला माहीत आहे.

शेवटी काल एक जमलं. नुसती उशी. कोळशानं काढलेली, मधे डोक्याचा खळगा राहिलेली. माणूस उठून घरी गेलंय की दुसरीकडे गेलंय, ते सांगायचं नाही. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अभ्रा बदलायला हवा." म्हणजे आवडलं.

आता मला तीन अक्षरं हवीत. उ, शा, शी. ती तू काढून दे. छापील टाइप नकोय, दुसऱ्या कुणाचं अक्षरही नकोय. तुझं हवंय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण तुझ्या मनात तेच येणार. बाबांचं त्यात काहीही नाही. एक ओळही नाही. प्रकाशकबाईंनी विचारलं होतं, की तुमच्या मिस्टरांच्या शेवटच्या दिवसांवर एखादं प्रकरण का नाही? आई म्हणाली, "तो माझा पेशंट नव्हता."

तुझी,
बारकी

३० जून

दादा,

तुझं काही आलं नाही. वाट बघून मी आपली संगणकावर बसले. आहेत तेवढे सगळे टाइप लावून बघितले. जाड लावला की उशीवर वीट ठेवल्यासारखी दिसते. बारीक लावला की औषधाच्या बाटलीवरचं लेबल. एक वळणदार आहे, तो लावला तर लग्नाची पत्रिका झाली. अक्षरं वर नेली, खाली आणली, उलट रंगात केली, खळग्यातच बसवून बघितली. खळग्यात बसवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. कुणाच्या तरी डोक्याच्या जागेवर मी शाई ओतत होते.

प्रकाशकबाई घरी येऊन बघून गेल्या. त्या गोड बोलत नाहीत. म्हणाल्या, "चित्र चांगलं आहे. अक्षरंही वाईट नाहीत. पण दोघांची ओळख नाही. एका घरात राहून न बोलणारी माणसं असतात ना, तसं झालंय."

आई आतल्या खोलीत होती. ऐकलं असणार तिनं.

तू मला पूर्वी एकदा शिकवलं होतंस, आठवतंय? आपण त्या छोट्या खोलीत एकाच टेबलावर काम करायचो तेव्हा. मी चित्र पूर्ण करून तुला द्यायचे आणि म्हणायचे, आता घाल यात नाव. तू भडकायचास. "नाव घालायचं नसतं. नावासाठी जागा आधीपासून असावी लागते. चित्रानं थोडं सरकून बसावं लागतं." म्हणून या वेळी मी सरकून बसलेय. उशी खाली उजवीकडे घेतलीय. डावीकडे वर मोकळं ठेवलंय. नुसता कागदाचा रंग. तिथं तू ये. म्हणजे तुझी अक्षरं येऊ देत, असं म्हणायचं होतं. खोडत नाही, राहू दे.

आता आईबद्दल. तिची फुप्फुसं दमलीत, असं डॉक्टर म्हणतात. घरी ऑक्सिजनचं यंत्र आणलंय. ते कोपऱ्यात घुरघुरत असतं. आईनं त्याला 'जावई' नाव ठेवलंय. दिवसभर एका जागी बसून घोरतो म्हणून. माझं लग्न न झाल्याचं असं उट्टं काढते.

तिनं परवा विचारलं, "दादा अक्षरं करतोय का?"

मी हो म्हटलं. तोंडातून निघून गेलं. मग तिनं आरसा मागितला आणि केस विंचरले.

आता मला खोटं पाडू नकोस.

बारकी

१९ जुलै

दादा,

वहिनीचा फोन आला होता. तुला न सांगता केला होता, तेव्हा तिच्यावर ओरडू नकोस. म्हणाली, "तुमचा भाऊ ऑफिसातून येतो, जेवतो आणि कागद फाडत बसतो. घरभर नुसते उ आणि शा पडलेत. केर काढताना मला वाटतं, माझ्याच पायाखाली कुणीतरी कुजबुजतंय." आणि म्हणाली, "शी मात्र एकही नाही. तिथपर्यंत जातच नाहीत ते."

म्हणजे तू पत्र वाचलंस. मला तेवढं पुरलं.

आज जे लिहिणार आहे ते वाचून चिडशील. चीड. बाबा गेले त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलास, बाबांना बघितलंस, आईला एवढंच म्हणालास, "एक दिवस. एक दिवस थांबता आलं नाही तुला?" आणि मग तिच्याशी बोललाच नाहीस. तू खोलीत नव्हतास. मी होते. म्हणून लिहिते. तिची वकिली करत नाहीये. जे बघितलं ते सांगते.

डॉक्टर म्हणाले, श्वासाच्या यंत्रावर बाबांचे आणखी काही दिवस निघतील, पण ते परत येणार नाहीत. आई म्हणाली, "मला माहीत आहे." मी म्हटलं, दादा निघालाय, उद्यापर्यंत थांबू या. तिनं बाबांच्या अंगावरची चादर वर केली आणि त्यांना कुशीवर वळवून मला त्यांची पडून पडून चिघळलेली पाठ दाखवली. ती पाठ मी तुला सांगणार नाही. ती म्हणाली, "हे मी दुसऱ्यांच्या नवऱ्यांचं बघितलंय. त्यांच्या बायका म्हणायच्या, मुलगा येईपर्यंत ठेवा. मी ठेवायचे. मुलगा यायचा, रडायचा, आणि हा माणूस तोपर्यंत काय भोगत होता ते फक्त मला माहीत असायचं." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "काढा."

नंतर बाबांचे केस नीट केले आणि बाहेर येऊन खिडकीपाशी उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "तो आता मला माफ करणार नाही." तुझ्याबद्दल म्हणाली. बाबांना जाऊन तेव्हा जेमतेम एक तास झाला होता.

तिला माहीत होतं, दादा. माहीत असून तिनं ते केलं.

बरोबर केलं का, मला विचारू नकोस. मला खरंच माहीत नाही. मला एवढंच कळतं, की ती आता जिना उतरू शकत नाही, दुपारी बोलता बोलता डोळे मिटते, आणि कुरिअरवाल्यानं बेल वाजवली की 'जावया'ची नळी ओढत दारापर्यंत येते.

बारकी

६ ऑगस्ट

दादा, दादा, दादा,

आली!

आईच बेलला गेली. मी ओरडले की नळी अडकेल, तरी गेली. पाकीट हातात घेऊन तशीच उभी. "तूच उघड. माझे हात थरथरतात, फाटेल काहीतरी." दोन पुठ्ठ्यांच्या मधे, त्यावर पातळ कागद. बरोबर चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, पुठ्ठ्यांच्या मधे बघितलं. नाहीच. आई म्हणाली, "काय शोधतेस? हे काय आहे मग?"

किती साधी काढलीस. मला वाटलं होतं, मोठी, भरदार काहीतरी पाठवशील. तर ही तीन बारकी, जवळजवळ बसलेली. कोरड्या ब्रशनं काढलीस ना? शाई संपत आल्यावर उमटते तशी कड आहे. उ असा पुढे झुकलेला. शिरोरेखा सरळ नाही, मधे थोडी दबलीय, जशी गादी दबते. आणि शीची वेलांटी! ती वर जाऊन संपत नाही, पुढे येऊन खाली वाकते. कुणीतरी वाकून 'बरं वाटतंय का' विचारावं तशी.

मी ती स्कॅन केली आणि डावीकडे वर, ठेवलेल्या जागेत लावली. नाही बसली. तिथं ती लांबून हाक मारत होती. खाली घेतली, आणखी खाली घेतली. उशीच्या कडेला आणली, तेव्हा तुझी वेलांटी आपोआप खळग्यावर आली. पण उशी मोठी वाटायला लागली, अक्षरांवर रेलणारी. मग मी उशीची एक कड पुसली. पूर्ण नाही, कोळसा बोटानं मागे नेला, म्हणजे ती बाजू कागदात विरली आणि तिथं तू आलास. आता अक्षरं झाकली तर उशी अर्धवट वाटते, आणि उशी झाकली तर अक्षरं कुणाकडे वाकलीत ते कळत नाही. तू त्या टेबलावर जे ओरडून सांगायचास ते मला आज, या वयात, समजलं.

प्रकाशकबाई आल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आता ओळख झाली," म्हणाल्या. एवढंच. चहा न घेता गेल्या.

आईला मी मोठ्या कागदावर छापून दाखवलं. तिनं ते मांडीवर ठेवलं आणि वेलांटीवरून बोट फिरवलं. म्हणाली, "लांब झालीय. शाळेपासून त्याची वेलांटी लांबच. किती मारलंय मी त्यावरून." मी म्हटलं, कमी करायला सांगू का? तर कागद छातीशी धरला. "खबरदार."

थोड्या वेळानं विचारलं, "कसा आहे तो?"

मी म्हटलं, फोन करून विचार की.

"तो उचलेल का?"

ते तू सांग. उचलशील का? यंत्राच्या आवाजात तिचं बोलणं नीट ऐकू येत नाही, पण ते मी बंद करून ठेवीन. थोडा वेळ चालतं बंद केलेलं.

बारकी

२८ सप्टेंबर

दादा,

पुस्तकं आली. दहा प्रती तुला वेगळ्या पार्सलनं पाठवल्यात. काळा थोडा फिका छापलाय. मी आधी छापखान्यात भांडले. मग वाटलं, कोळसा असाच असतो, राहू दे. पुस्तकाचा कणा अरुंद आहे, तरी त्यावर तुझीच अक्षरं उभी बसवलीत. मलपृष्ठ कोरं ठेवलं. प्रकाशकबाईंना तिथं आईचा फोटो हवा होता. मी नाही म्हटलं, त्यांनी ऐकलं. आत छोट्या टाइपात 'मुखपृष्ठ' लिहून पुढे आपली दोघांची नावं आहेत, तुझं आधी. ते आईनंच ठरवून ठेवलं होतं. "तो मोठा आहे," म्हणाली होती.

हे झालं कामाचं. आता जे त्या दिवशी सांगता आलं नाही ते.

तू फोन केलास त्या सकाळी तिला दवाखान्यात हलवत होते. माझ्या हातात तिची चप्पल होती आणि खांद्यावर पिशवी, आणि स्क्रीनवर तुझं नाव. इतक्या काळानं. मी तिच्या कानाशी फोन धरला, पण मास्क होता, तिला बोलता येईना. तुला फक्त श्वास ऐकू आला. तू म्हणालास, "मी निघतो." ते तिनं ऐकलं. मान हलवली.

तिनं मला केव्हाचं बजावलं होतं, "माझ्या घशात नळी घालू द्यायची नाही." डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. मी घड्याळाकडे बघितलं, तुझ्या प्रवासाचा हिशेब केला, आणि घाला म्हणाले. त्या वेळी मला बाबा आठवले नाहीत, आई आठवली नाही. फक्त तू आठवलास, आईपुढे उभा राहून "एक दिवस" म्हणताना.

तू आलास. मी तिला तुझ्यासाठी ठेवलं होतं, आणि ठेवलं म्हणूनच तिला तुझ्याशी बोलता येत नव्हतं. घशात नळी. तू पलंगापाशी बसून "आई" म्हणालास, तिनं डोळे उघडले. तुझा हात चाचपला. तू पूर्ण दिवस तसाच बसून होतास. तिची पाठही तूच बघितलीस, नर्सनं कूस बदलली तेव्हा. तुझा चेहरा मी बघितला. त्यानंतर डॉक्टर आले आणि तूच म्हणालास, "काढा." मला विचारलंही नाहीस. मी तुझ्याआधी म्हणणार होते, पण तू म्हणालास हे बरं झालं.

आणि मग तू म्हणालास, "मी बाहेर आहे." आणि गेलास.

तुला वाटलं, नळी काढली की संपेल. मलाही तेच वाटलं होतं. पण ती बराच वेळ होती. उथळ उथळ श्वास घेत होती. आणि बोलत होती. आवाज घोगरा, तुकड्यातुकड्यानं. मी तुला बोलवायला उठले तर तिनं माझी ओढणी धरली.

"नको. त्याला नाही जमायचं."

मी म्हटलं, आई, तो तुझ्यासाठीच आलाय गं.

"माहिताय. आला. बघितलं मी." मग श्वास घेतला. "नाडी बघितली त्याची. फार जोरात चाललीय."

तुला वाटलं होतं की तिनं तुझा हात धरलाय. मलाही तसंच वाटलं होतं. ती तुझी नाडी बघत होती, दादा. त्या अवस्थेत, मनगटावर बोटं ठेवून.

मग विचारलं, "बाहेर काय करतोय?"

मी दाराच्या काचेतून बघितलं. तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास. मी सांगितलं, उभा आहे.

ती चिडली. खरंच चिडली, ड्यूटीवर असताना एखाद्या शिकाऊ मुलीवर चिडावी तशी. "कधीपासून उभाय? नातेवाइकाला असं उभं ठेवतात? चक्कर येऊन पडतो माणूस. त्याला बसायला दे आधी."

मी म्हटलं, देते, थोड्या वेळानं देते.

"आत्ता. मी आहे इथं. कुठं जात नाही."

म्हणून मी खुर्ची उचलून बाहेर आले. तुझ्या मागे ठेवली. "बस," म्हटलं. तू मागे न बघताच म्हणालास, "नको." मी परत म्हटलं, बस ना रे. तू म्हणालास, "बारकी, मला एकट्याला राहू दे." खुर्ची तिथंच ठेवून मी आत गेले तर ती गेलेली होती.

नंतर सगळं उरकून गाडीत बसताना तू एवढंच म्हणालास, की शेवटी तिच्या तोंडून माझ्यासाठी एक शब्दही ऐकायला मिळाला नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वहिनी शेजारी होती, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

म्हणून आता लिहिते. त्या दिवशी तुझ्यामागे ठेवलेली खुर्ची मी आणली होती, पण दिली तिनं होती.

बारकी